दाद आणि इस्लाह : हौशी छायाचित्रकारांची एक जुनी गरज

सोलापूरच्या माझ्या मामूंना जाऊन चाळीस दिवस झाले होते. फातेहा आटोपली, पाहुणे पांगले आणि मुमानींनी पलंगाखालची पत्र्याची ट्रंक माझ्यापुढे सरकवली. "तूच बघ बाबा, तुला कागदांची आवड," म्हणाल्या. ट्रंकेत वरच मामूंचा आग्फा क्लिक-३ कॅमेरा होता, कातडी पाकिटासकट. त्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेले चौकोनी, काळेपांढरे फोटो. मोजले तर चारशेच्या वर भरले.

मामू कापड गिरणीत जॉबर होते. बारा फोटोंचा एक रोल ते दोन-दोन महिने पुरवायचे. पाळी सुटल्यावर गेटातून बाहेर पडणारे कामगार, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, मोहर्रमच्या सवाऱ्या, पावसात भिजलेलं टांग्याचं घोडं, असे त्यांचे विषय. घरात मात्र त्यांचा एकही फोटो भिंतीवर लागला नाही. नानीचं म्हणणं होतं की, जिथं नमाज पढतो तिथं तसवीर नको. मामूंनी कधी वाद घातला नाही. रोल धुवून आला की फोटो सगळ्यांना एकदा दाखवायचे आणि ट्रंकेत ठेवायचे.

मलाही दाखवायचे. "देख रे, कैसा है?" मी म्हणायचो, "मस्त." प्रत्येक फोटोला "मस्त." मग मामू फोटो हातात धरून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. मी आणखी काही बोलेन याची ते वाट बघत होते, हे कळायला मला चाळीस वर्षं लागली.

कारण ट्रंकेच्या तळाशी एक पाकीट सापडलं. १९७८ साली त्यांनी एका मासिकाच्या स्पर्धेला फोटो पाठवला होता, तो परत आला होता. बक्षीस नाही, पत्र नाही. पण फोटोच्या पाठीवर कुणीतरी पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या होत्या : "प्रकाश चांगला साधला आहे. खालचा रिकामा भाग कापून पाहावा." खाली सही नव्हती. त्याच पाकिटात त्याच फोटोची दुसरी प्रत होती, खालचा भाग कात्रीनं कापलेली. मी फोटो तारखांप्रमाणे लावले तेव्हा दिसलं की, त्या सालानंतर मामूंच्या फोटोंतली खालची मोकळी जमीन जवळपास नाहीशी झाली आहे. एका अनोळखी माणसाच्या दोन ओळी त्यांना जन्मभर पुरल्या होत्या.

तेव्हापासून एक प्रश्न मनात आहे. पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी जो फोटो काढतो, त्याला दुसऱ्याच्या मताची एवढी गरज का असावी? आणि ते मत त्याला नेमकं काय देतं? उत्तरासाठी मी छायाचित्रकलेच्या इतिहासात थोडा फिरलो. जे दिसलं ते इथं मांडतो.

मुंबईतली मंडळी

आपल्याकडे शायरीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत : दाद आणि इस्लाह. दाद मुशायऱ्यात मिळते, चारचौघांत, "वाह" आणि "मुकर्रर"च्या गजरात. इस्लाह म्हणजे दुरुस्ती. ती उस्तादाकडून मिळते, बहुधा एकांतात. गालिब आपल्या शागिर्दांच्या गझला टपालानं मागवायचे, दुरुस्त करून परत पाठवायचे. सिकंदराबादच्या मुन्शी हरगोपाल तफ्तांशी त्यांचा असा व्यवहार वर्षानुवर्षं चालला. दादेनं शायराला हुरूप येतो, इस्लाहनं शेर सुधारतो. दोन्ही लागतात, पण दोन्ही एक नव्हेत. हा फरक मनात ठेवला तर पुढचा इतिहास समजायला सोपा जातो.

गालिबची ही पत्रं जात-येत होती, त्याच दशकात कॅमेरा हिंदुस्थानात रुजत होता. लंडनमध्ये छायाचित्रकारांची संस्था १८५३ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. हिंदुस्थानातली ही पहिली. कॅप्टन हॅरी बार तिचे पहिले अध्यक्ष. सभासदांत लष्करी अधिकारी, डॉक्टर, सरकारी नोकर होते आणि काही हिंदी गृहस्थही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातलं ठळक नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेला हा डॉक्टर फोटोच्या नादाला लागला होता. धंदेवाईक थोडे होते. बहुतेकांचा पोटाचा उद्योग दुसराच होता.

अशा लोकांना संस्था कशाला हवी होती? कारण त्या काळी फोटो काढणं हे एकट्यानं जमणारं कामच नव्हतं. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या जागेत धुवायची. इंग्लंडच्या पुस्तकात दिलेली मापं मुंबईच्या उन्हाळ्यात चालायची नाहीत. काच भराभर वाळायची, रसायनं बिघडायची, डाग पडायचे. डाग कशामुळे पडला हे ज्याच्या हातून आधी तसाच डाग पडला होता तोच सांगू शकत होता. म्हणून सभेत आपापले ठसे आणायचे, एकमेकांना दाखवायचे, कृती सांगायच्या. संस्थेनं स्वतःचं नियतकालिकही काढलं. म्हणजे आपल्याकडच्या हौशी छायाचित्रकारांच्या पहिल्या पिढीला मिळाली ती मुख्यतः इस्लाह होती, आणि अगदी कामाची.

पण हौशी माणसाला तेवढ्यावर भागत नाही. त्याला आपलं काम लोकांपुढे यायला हवं असतं. १८५६ च्या अखेरीस विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मुंबईतून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' हे मासिक सुरू केलं. १८५८ पर्यंत त्याचे ३६ अंक निघाले. फोटो छापण्याचं तंत्र तेव्हा आजच्यासारखं नव्हतं, म्हणून प्रत्येक अंकात खरे ठसे चिकटवलेले असत. मुंबई इलाख्यातल्या जातीजमाती, पेहराव, इमारती हे त्याचे विषय. नावातला 'अमॅच्युअर' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. हौशी असणं ही तेव्हा कमीपणाची गोष्ट नव्हती, उलट सांगायची गोष्ट होती.

पसंती देणारे कोण?

इथवर चित्र गोड आहे. पण पसंती देणाऱ्या मंडळीचे स्वतःचे हितसंबंध असतात, आणि ते कधीतरी उघडे पडतात. हे कलकत्त्यात घडलं.

कलकत्त्याची 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बेंगॉल' १८५६ मध्ये निघाली. तिचे खजिनदार होते राजेंद्रलाल मित्र, संस्कृतचे आणि पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक. १८५७ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये एक सभा झाली. वाद होता तो मुफसलमधल्या गोऱ्यांना स्थानिक न्यायालयांच्या कक्षेत आणावं की नाही याचा. मित्रांनी भाषणात निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर बोट ठेवलं. ते गोऱ्या सभासदांना झोंबलं आणि फोटोच्या संस्थेनं आपल्या खजिनदाराला काढून टाकलं. त्यांच्या फोटोत खोट निघाली नव्हती, हिशेबातही नाही. गुन्हा भाषणाचा होता, शिक्षा छायाचित्रकाराला झाली.

मित्र त्यामुळे संपले नाहीत. ओडिशाच्या प्राचीन वास्तूंवरचा त्यांचा सचित्र ग्रंथ १८७५ आणि १८८० साली दोन खंडांत आला आणि १८८५ मध्ये ते एशियाटिक सोसायटीचे पहिले हिंदी अध्यक्ष झाले. पण प्रत्येक हौशी माणूस राजेंद्रलाल मित्र नसतो. ज्याला दुसरं व्यासपीठ नाही, त्याला एका दारातून हाकललं की तो कॅमेरा ठेवून देतो. म्हणून पसंती मोजण्याआधी ती देणाऱ्यांत कोण बसलंय आणि कुणाला बसू दिलेलं नाही, हे बघावं लागतं.

त्याच सुमारास लखनौमध्ये अहमद अली खान नावाचे गृहस्थ फोटो काढत होते. लोक त्यांना छोटे मियाँ म्हणत. हुसैनाबाद इमामबाड्याचे ते दरोगा. दुकान मांडलेलं नव्हतं, हौस होती. नवाब वाजिद अली शाहांच्या दरबारापासून लखनौतल्या इंग्रज कुटुंबांपर्यंत अनेकांचे चेहरे त्यांनी टिपले. १८५७ मध्ये बंड पेटलं तेव्हा ते बंडवाल्यांच्या बाजूला गेले. रेसिडेन्सीच्या वेढ्यात जी इंग्रज माणसं अडकली, त्यातल्या कित्येकांचे चेहरे आधीच छोटे मियाँच्या काचांवर उतरले होते. त्यातली काही मेली. मग त्यांच्या आप्तांसाठी तो ठसा हीच माणसाची खूण उरली. फोटो काढला त्या दिवशी समोरच्यानं "छान आलाय" म्हटलं असेल. त्या फोटोची खरी किंमत पुढं काळानं ठरवली, आणि ती ठरवताना काढणारा विरुद्ध बाजूला होता.

एका बाईची जिद्द, एका नोकराचं नशीब

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचा जन्म १८१५ चा, कलकत्त्यातला. इंग्लंडला गेल्यावर, १८६३ च्या डिसेंबरमध्ये, लेकीनं आणि जावयानं त्यांना एक कॅमेरा भेट दिला. वय ४८. कोंबड्यांच्या खुराड्याचा त्यांनी स्टुडिओ केला. त्यांची छायाचित्रं थोडी धूसर असत, चेहऱ्याच्या कडा विरघळल्यासारख्या. छायाचित्रकारांच्या संस्थेतल्या जाणकारांनी त्यांना झोडपलं. बाईंना कॅमेराच नीट लावता येत नाही, काचेवर डाग आणि ओरखडे राहतात, असा एकूण सूर. यातली अर्धी टीका खरी होती. काचेवर डाग होतेच.

पण त्यांच्याकडे आणखी एक नजर होती. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल त्यांचे जुने स्नेही. फोटोचं तंत्र नवं असताना, १८४२ साली, त्यांनीच कॅमेरॉनबाईंना कलकत्त्याला नमुने पाठवले होते. पुढं बाई आपले ठसे हर्शेलना पाठवत, मन मोकळं करत. धूसरपणा ही चूक नसून निवड आहे, हे समजणारं एक जरी माणूस भेटलं तरी चालतं. १८६५ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमनं त्यांची छायाचित्रं विकत घेतली. जाणकारांची इस्लाह काही वेळा चुकीच्या जागी लागते. ती ऐकावी. पण फोटोतला डाग पुसायला सांगतायत की आपला स्वभाव पुसायला सांगतायत, हे ओळखावं.

आता उलटं उदाहरण, आपल्याजवळचं. लाला दीनदयाळ हे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढणारे नोकर. १८७४ च्या आसपास त्यांना फोटोचा छंद लागला. मध्य हिंदुस्थानचे एजंट सर हेन्री डॅली यांनी काम पाहिलं आणि पसंत केलं. व्हाइसरॉयचे, प्रिन्स ऑफ वेल्सच्या दौऱ्यातले फोटो काढण्याची संधी मिळाली. त्या एका पसंतीनं बाकीची दारं उघडली. पुढं त्यांनी नोकरी सोडली, हैदराबादच्या सहाव्या निजामांचे, मीर महबूब अली खानांचे, ते छायाचित्रकार झाले. १८९४ मध्ये दरबारानं 'राजा मुसव्विर जंग बहादूर' हा किताब दिला. निजामाच्या राज्यातलं वेरूळ त्यांनी टिपलं, त्यामुळे मराठवाड्याच्या इतिहासाचं वेड असणाऱ्यांना त्यांचं नाव ठाऊक असतं. पण विचार करा, डॅलींनी ते फोटो बघून नुसती मान डोलावली असती आणि कागद बाजूला ठेवला असता तर? तसे किती दीनदयाळ त्या खात्यात निवृत्त झाले असतील, हे कुठल्याच दप्तरात नाही.

मोजणी सुरू झाली

१८८८ मध्ये कोडॅक कॅमेरा आला. बटण दाबायचं, बाकी कंपनी बघून घेणार. हौशी माणसांची संख्या एकदम वाढली आणि 'हौशी' शब्दाचं वजन तेवढंच कमी झालं. मग जे मन लावून काम करत, त्यांनी आपला वेगळा गोतावळा जमवला. क्लब निघाले, स्पर्धा निघाल्या. १८८७ मध्ये 'द अमॅच्युअर फोटोग्राफर' या इंग्रजी साप्ताहिकाच्या स्पर्धेत बर्लिनमध्ये शिकणाऱ्या एका तरुणाला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक होते पीटर हेन्री एमर्सन. तो तरुण आल्फ्रेड स्टिगलिट्झ. पुढं अमेरिकेत छायाचित्राला कला म्हणून मान मिळवून देण्यासाठी त्यानं आयुष्य घातलं.

याच काळात इंग्लंडात एक सुंदर पद्धत रूढ झाली. लांबलांबच्या गावांतले हौशी लोक टपालमंडळं काढत. एका पेटीत प्रत्येकानं आपला एक फोटो ठेवायचा. पेटी टपालानं एकाकडून दुसऱ्याकडे जायची. प्रत्येकानं इतरांच्या फोटोंवर लेखी मत द्यायचं. पेटी फिरून परत आली की आपला फोटो आणि त्यावरची मतं काढून घ्यायची, नवा फोटो ठेवायचा. गालिब-तफ्तांचाच हा व्यवहार, फक्त उस्ताद एक नसून सगळेच एकमेकांचे उस्ताद. ज्याच्या गावात दुसरा कॅमेरावाला नव्हता, त्याच्यासाठी ती पेटी म्हणजे ईदच.

मुंबईत १९३२ मध्ये 'कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. 'सलोन' म्हणजे प्रदर्शनं भरू लागली. निवड झालेल्या फोटोच्या पाठीवर त्या त्या सलोनचा कागदी शिक्का चिकटवला जाई. जुन्या छायाचित्रकारांच्या ठशांच्या पाठी बघितल्या तर समोरच्या बाजूइतकीच गर्दी दिसते. १९५० मध्ये 'फियाप' ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, १९५३ मध्ये भारतीय महासंघ. किती सलोनांत किती फोटो स्वीकारले गेले, याच्या मोजणीवर नावापुढं लावायची अक्षरं मिळू लागली. मोबाइलवरच्या अंगठ्यांची मोजणी ही आजची विकृती आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मोजणी जुनीच आहे, फक्त आता ती सेकंदात होते.

या मोजणीचे फायदे होते. बँकेतला कारकून, शाळामास्तर, दवाखान्यातला कंपाउंडर यांना जगात कुठंतरी आपलं चित्र टांगलं गेल्याचा आनंद मिळाला. तोटाही झाला. शिक्का कशाला मिळतो हे कळलं की लोक तेच काढू लागतात. गोरज वेळची धूळ आणि त्यातून जाणारी गुरं, सुरकुतलेला म्हातारा, झाडांतून उतरणारे किरण. सुरेख चित्रं, पण कुणाचं कुठलं ते पाठीवरचा शिक्का वाचल्याशिवाय ओळखू येऊ नये. दादेचं हेच आहे. ती जिथं मिळाली तिथंच माणसाला उभं करते. इस्लाह त्याला तिथून हलवते.

जिला कुणीच काही बोललं नाही

शेवटचं उदाहरण शिकागोचं. २००७ मध्ये भाडं थकल्यामुळे एका गोदामातलं सामान लिलावात निघालं. त्यात निगेटिव्हच्या पेट्या होत्या. जॉन मालूफ नावाच्या तरुणानं काही विकत घेतल्या. त्या व्हिव्हियन मायर या बाईच्या होत्या. लोकांची मुलं सांभाळून पोट भरणारी ही बाई सुट्टीच्या वेळात रस्त्यांवर फोटो काढत हिंडायची. आयुष्यात तिनं एक लाखाहून जास्त फोटो काढले आणि जवळपास कुणालाच दाखवले नाहीत. शेकडो रोल तर धुतलेच नव्हते. २१ एप्रिल २००९ रोजी ती वारली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मालूफनं तिचे काही फोटो 'फ्लिकर'वर टाकले आणि या सगळ्याचं काय करू, असं लोकांना विचारलं. जगभरातून दादेचा पूर आला. सहा महिने उशिरा.

मायरबाईंचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात, बघा, खऱ्या कलावंताला कुणाच्या पसंतीची गरज नसते. मला हे पटत नाही. ती बाई दादेवाचून फोटो काढत राहिली हे खरं. पण न धुतलेल्या त्या शेकडो रोलांचं काय? आपण काल काय टिपलं हे तिनं स्वतःही पाहिलं नाही. दाखवायलाच कुणी नसेल तर माणूस रोल धुवायला टाकण्याचीही घाई करत नाही, असं मला मामूंची ट्रंक बघून वाटतं. त्या ट्रंकेतही तीन रोल तसेच होते. शेवटच्या वर्षांतले. मी ते धुवायला दिले. दोन पूर्ण काळे निघाले. तिसऱ्यात चार चित्रं धूसर दिसतात. एकात नानीची जानमाज आहे, उन्हात दोरीवर वाळत घातलेली. चेहरा कुणाचाच नाही. नानीची हरकत त्यांनी मनाशी कशी सोडवली होती, ते मला त्या एका फोटोत दिसलं. हा फोटो त्यांनी मला दाखवला असता तर मी काय म्हणालो असतो? "मस्त."

मामूंच्या नातीला आता फोटोचा नाद आहे. मोबाइलवर काढते. गेल्या महिन्यात तिनं मला किल्ल्याचा एक फोटो दाखवला. "नाना, दोनशे बारा लोकांना आवडला," म्हणाली. मी तिला विचारलं, "त्यातलं कुणी काही बोललं का?" तिनं बघितलं. "वॉव म्हणालेत. हार्ट दिलेत."

मी तिला जवळ बसवलं. चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. बुरुजावरचं ऊन तिनं फार छान पकडलंय, ते तिला सांगितलं. मग विचारलं की, खाली हा डांबरी रस्ता एवढा का घेतलास? तिनं खांदे उडवले. मी ट्रंकेतलं ते पाकीट काढलं, १९७८ चा फोटो आणि त्याची कापलेली प्रत शेजारी शेजारी ठेवली आणि पाठीवरच्या ओळी तिला वाचायला दिल्या. तिनं बराच वेळ दोन्ही बघितले.

"हे कुणी लिहिलंय?"

"माहीत नाही. पण तुझ्या नानांनी ते जपून ठेवलं होतं."

ती काही बोलली नाही. संध्याकाळी ऊन उतरायच्या आधी मोबाइल घेऊन परत किल्ल्याकडे गेली.